एकविसावं मत: केन पॅक्स्टन महाभियोग प्रकरण, टेक्सास २०२३

टेक्सासचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्यावरचा महाभियोगाचा खटला ५ सप्टेंबर २०२३ ला सिनेटमध्ये उभा राहिला आणि १६ सप्टेंबरला निकाली निघाला. सोळा आरोपांवर मतदान झालं आणि सोळाही आरोपांतून ते सुटले. साक्षी, उलटतपासण्या, नामांकित वकिलांची खडाजंगी हे सगळं लोकांनी थेट प्रक्षेपणात पाहिलं. पण हे प्रकरण समजून घ्यायचं तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यापेक्षा नियमावलीकडे आणि निवडणुकीच्या वेळापत्रकाकडे जास्त बघावं लागतं. हजर म्हणून कोणाला मोजायचं, किती मतं लागणार, पुरावा कुठल्या कसोटीला लावायचा, पुढच्या मार्चमध्ये कोणाला मतदारांसमोर जायचंय, हे सगळं पहिला साक्षीदार येण्याआधीच ठरलेलं होतं.

आधी पदाविषयी. महाराष्ट्रात महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच ते पदावर राहतात. टेक्सासचा ॲटर्नी जनरल दर चार वर्षांनी राज्यभरातून थेट निवडून येतो. गव्हर्नर त्याच्याच पक्षाचा असला तरी त्याला काढू शकत नाही. त्यामुळे मुदतीच्या मधे त्याला घालवण्याचा मुख्य रस्ता एकच उरतो: प्रतिनिधीगृहाने महाभियोग लावायचा आणि सिनेटने खटला चालवायचा. २०२३ पूर्वी टेक्सासमध्ये हे दोनदाच घडलं होतं, १९१७ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्यावर आणि १९७५ साली ओ. पी. कारिलो या न्यायाधीशांवर. हाताशी ताजा पायंडाच नव्हता. म्हणून नियम नव्याने लिहावे लागले, आणि जो नियम लिहितो त्याच्या हातात बरंच काही येतं.

पॅक्स्टन रिपब्लिकन. आधी प्रतिनिधीगृहात, मग सिनेटमध्ये आणि जानेवारी २०१५ पासून ॲटर्नी जनरल. त्याच वर्षी रोखे व्यवहारांतल्या फसवणुकीचा फौजदारी खटला त्यांच्यावर दाखल झाला आणि वर्षानुवर्षं सुनावणीविना लोंबकळत राहिला. त्यांचा बालेकिल्ला म्हणजे डॅलसच्या उत्तरेची कॉलिन काउंटी. प्लेनो, मॅकिनी, फ्रिस्को हा सगळा पट्टा, जिथे आज मराठी कुटुंबंही बरीच आहेत. याच भागातून त्यांच्या पत्नी अँजेला पॅक्स्टन २०१८ मध्ये सिनेटवर निवडून आल्या. नवरा आरोपी आणि बायको ३१ न्यायकर्त्यांपैकी एक, ही गाठ पुढे फार महत्त्वाची ठरली.

प्रकरण पेटलं कशावरून

३० सप्टेंबर २०२० ला पॅक्स्टन यांच्याच कार्यालयातले वरिष्ठ अधिकारी त्यांची तक्रार घेऊन एफबीआयकडे गेले. तक्रार करणारे एकूण आठ जण, त्यांत पॅक्स्टन यांच्या खालोखालचे जेफ मटीरही होते. म्हणणं असं, की ऑस्टिनमधले स्थावर मालमत्तेचे व्यावसायिक नेट पॉल यांच्यासाठी सरकारी कार्यालय राबवलं जातंय. पॉल यांच्यावर २०१९ मध्ये एफबीआयने छापे घातले होते. त्या छाप्यांची उलट चौकशी करायला बाहेरून एक तरुण वकील नेमला गेला. ऑगस्ट २०२० मध्ये, शनिवार-रविवार गाठून, एक सरकारी अभिप्राय घाईघाईने बाहेर पडला: कोविडच्या निर्बंधांमुळे थकलेल्या कर्जांपोटीचे मालमत्तांचे लिलाव घेता येणार नाहीत. पॉल यांच्या मालमत्ता तेव्हा लिलावाच्या उंबरठ्यावर होत्या. शिवाय पॉल यांच्याशी कोर्टात भांडणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या दाव्यात कार्यालयाने हस्तक्षेप केला. आरोप असा, की बदल्यात पॅक्स्टन यांच्या घराची दुरुस्ती झाली आणि त्यांच्याशी जवळीक असलेल्या एका स्त्रीला पॉल यांच्याकडे नोकरी मिळाली. पॅक्स्टन आणि पॉल दोघांनीही गैरकृत्याचा इन्कार केला.

आठपैकी चौघांना कामावरून काढलं गेलं. त्यांनी व्हिसलब्लोअर कायद्याखाली, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, दावा लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली, ३३ लाख डॉलर. अट अशी, की हे पैसे विधिमंडळाने मंजूर करायचे.

इथे पॅक्स्टन यांनी स्वतःच दार उघडलं. २०२० च्या आरोपांनंतर ते नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा निवडून आले होते, त्याआधीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जॉर्ज पी. बुश यांना आडवं करून. टेक्सासच्या कायद्यात एक कलम आहे: निवडून येण्यापूर्वीच्या कृत्यासाठी अधिकाऱ्याला पदावरून काढता येत नाही. म्हणजे २०२० चं सगळं मतदारांनी धुऊन टाकलं, असा बचाव तयारच होता. पण करदात्यांच्या पैशातून तडजोड भागवण्याची मागणी २०२३ ची, नव्या मुदतीतली. स्पीकर डेड फेलन यांनी पैसे द्यायला नकार दिला आणि चौकशी समितीने मार्चमध्ये काम सुरू केलं. समितीत पाच जण, तीन रिपब्लिकन आणि दोन डेमोक्रॅट. अध्यक्ष अँड्र्यू मर यांनी पुढे स्पष्टच मांडलं, की ही मागणी आली नसती तर महाभियोगाची वेळच आली नसती.

प्रतिनिधीगृहाचे पाच दिवस

२३ मे २०२३ ला पॅक्स्टन यांनी फेलन यांच्यावर आरोप केला, की ते दारूच्या अमलाखाली सभागृह चालवत होते, म्हणून त्यांनी राजीनामा द्यावा. त्याच दिवशी समितीची चौकशी उघड झाली. २४ मे ला चौकशीसाठी नेमलेल्या वकिलांनी समितीपुढे तीन तासांहून जास्त वेळ आरोप मांडले. २५ मे ला समितीने एकमताने २० कलमांचा महाभियोग सुचवला. २७ मे ला, शनिवारी, चार तासांच्या चर्चेनंतर मतदान झालं: बाजूने १२१, विरोधात २३, दोघे हजर पण तटस्थ. बाजूच्या मतांत ६० रिपब्लिकन होते. स्वपक्षाच्या ८५ पैकी ६० जणांनी आपल्याच ॲटर्नी जनरलविरुद्ध मत द्यावं, हे टेक्सासमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. चर्चेच्या दरम्यान पॅक्स्टन स्वतः सदस्यांना फोन करून राजकीय परिणामांच्या धमक्या देत असल्याचं समितीचे सदस्य चार्ली गेरन यांनी सभागृहातच सांगितलं. डोनाल्ड ट्रम्प यांनीही विरोधात जाणाऱ्यांना जाहीर दम भरला.

टेक्सासमध्ये प्रतिनिधीगृहाचं मत पडताक्षणी अधिकारी आपोआप निलंबित होतो. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष खटला संपेपर्यंत खुर्चीत राहतो, इथे तसं नाही. त्यामुळे महाभियोग लावणं ही नुसती सुरुवात राहत नाही, तिच्यातच अर्धी शिक्षा असते. गव्हर्नर ॲबट यांनी हंगामी माणूस नेमला आणि गुणदोषांवर बोलणं टाळलं.

एवढी घाई का? अधिवेशन २९ मे ला संपत होतं. पण कायद्याने ती मुदत पाळायची सक्ती नव्हती. अधिवेशन नसतानाही प्रतिनिधीगृह महाभियोगासाठी भरू शकतं, सदस्यांच्या सहीने ते बोलावण्याची तरतूद आहे. घाईचं कारण राजकीय होतं. आमदार एकदा मतदारसंघात परतले की फोन, मेसेज, देणगीदारांचे निरोप सुरू होणार आणि ६० चा आकडा ओसरणार. फेलन यांच्या बाजूने बघितलं तर हिशेब बरोबर होता. किंमत मात्र मोठी होती. साक्षीदारांचे जबाब शपथेवर घेतलेले नव्हते, आरोपीच्या वकिलाला त्यांना प्रश्न विचारायची संधी मिळाली नव्हती आणि बहुतेक सदस्यांच्या हाती कागद दोन दिवसच होते. बचाव पक्षाने पुढचे साडेतीन महिने हाच मुद्दा वाजवला, आणि तो खरा असल्यामुळे चालला. जबाब शपथेवर घेऊन आणखी पंधरा दिवस लावले असते तर प्रतिनिधीगृहात दहाएक मतं कमी पडली असती, तरी बहुमत हललं नसतं. सिनेटमध्ये मात्र बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

नियमावली: खरा आखाडा

सिनेटमध्ये ३१ जण, १९ रिपब्लिकन आणि १२ डेमोक्रॅट. पीठासीन अधिकारी लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक. सात सिनेटरांच्या समितीने नियमांचा मसुदा केला आणि बंद दाराआड झालेल्या लांबलचक चर्चेनंतर २१ जूनला तो २५ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला.

सगळ्यात मोठा प्रश्न अँजेला पॅक्स्टन यांचा. राज्यघटनेचे शब्द असे, की दोषी ठरवायला हजर असलेल्या सिनेटरांपैकी दोन तृतीयांश लागतात. नियमांनी ठरवलं, की आरोपीचा जोडीदार असलेल्या सिनेटरला मत देता येणार नाही, बंद बैठकीत बसता येणार नाही, पण सभागृहात बसावं लागेल आणि हजेरीत त्याची गणना होईल. हितसंबंधांचा प्रश्न मिटल्यासारखा दिसतो. आता आकडे बघा. अँजेला पूर्ण बाहेर बसल्या असत्या तर ३० चे दोन तृतीयांश म्हणजे २० मतं लागली असती: १२ डेमोक्रॅट आणि ८ रिपब्लिकन. त्या हजर म्हणून मोजल्या गेल्यावर ३१ चे दोन तृतीयांश म्हणजे २१ मतं आणि ९ रिपब्लिकन. गप्प बसलेल्या माणसाची खुर्चीच सुटकेच्या बाजूचं मत होऊन बसली.

भारतीय वाचकाला याच जातीचं एक उदाहरण आठवेल. मे १९९३ मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत आला तेव्हा १९६ जणांनी बाजूने मत दिलं आणि विरोधात एकही मत पडलं नाही, तरी प्रस्ताव पडला. २०५ सदस्य हजर राहून तटस्थ बसले होते आणि घटनेला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं होतं. भागाकारात खाली कोणता आकडा घ्यायचा, यावर अशा मतदानाचं भवितव्य ठरतं.

हितसंबंधांचा नियम जोडीदारापाशीच थांबला, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. लिलावांबाबतचा तो अभिप्राय ज्यांच्या नावाने मागवला गेला असं प्रतिनिधीगृहाचं म्हणणं होतं, ते सिनेटर ब्रायन ह्यूज न्यायकर्ते म्हणून बसले. प्रकरणातली ती स्त्री पूर्वी सिनेटर डोना कॅम्पबेल यांच्या कार्यालयात नोकरीला होती. कॅम्पबेलही बसल्या, दोघांनीही मत दिलं. साध्या फौजदारी खटल्यात असा ज्युरी पहिल्याच दिवशी घरी गेला असता.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पुराव्याची कसोटी. नियमांनी वाजवी शंकेच्या पलीकडे सिद्धता मागितली, म्हणजे फौजदारी खटल्यातली सर्वांत कडक कसोटी. महाभियोगातून कोणी तुरुंगात जात नाही. पद जातं, आणि वेगळा ठराव झाला तर पुन्हा पद घेण्याची पात्रता जाते. तरी कसोटी फौजदारी ठेवली गेली. ज्याला सोडायचंय त्याला सोडण्यासाठी सभ्य कारण त्यातून मिळालं: 'चुकीचं वागले असतील, पण शंकेपलीकडे सिद्ध झालं नाही.'

तिसरं, रोखे फसवणुकीशी जोडलेली चार कलमं बाजूला ठेवली गेली आणि खटला १६ कलमांवर चालला. प्रत्येक बाजूला पुराव्यासाठी २४ तासांचं घड्याळ लावलं. २० कलमं लिहिताना प्रतिनिधीगृहाने लाचखोरी, न्यायात अडथळा, कर्तव्यच्युती, पदाला अपात्र असणं, सगळं ओतलं होतं. २४ तासांत १६ कलमांची प्रत्येक कडी शंकेपलीकडे जुळवायची म्हणजे एका कलमाला दीड तास. पाच-सहा घट्ट कलमांवर थांबायला हवं होतं.

एक दार मात्र रिपब्लिकनांसाठी सोपं ठेवलेलं होतं. खटला ऐकण्याआधी आरोप फेटाळायला साधं बहुमत, म्हणजे १६ मतं पुरणार होती. पहिल्या दिवशी सगळी कलमं फेटाळण्याचा अर्ज २४ विरुद्ध ६ मतांनी पडला. त्या दिवशी अनेकांना वाटलं, आता नऊ जण मिळतील. पण 'खटला ऐकू या' म्हणणं फुकट असतं, 'दोषी' म्हणणं महाग.

पैसा आणि प्रायमरी

जून २०२३ मध्ये पॅट्रिक यांच्या प्रचारनिधीत 'डिफेंड टेक्सास लिबर्टी' या राजकीय समितीकडून ३० लाख डॉलर आले. त्यांतले १० लाख देणगी आणि २० लाख कर्ज. समितीला पैसा पुरवणारे प्रामुख्याने पश्चिम टेक्सासचे तेल उद्योजक टिम डन आणि फॅरिस विल्क्स. ही समिती पॅक्स्टन यांची उघड पाठराखी होती आणि महाभियोगाला साथ देणाऱ्यांना प्रायमरीत पाडू, असं बजावत होती. निवडणूक दूर असताना ही समिती खटल्याचे न्यायाधीश होणाऱ्या माणसाला एवढी रक्कम देते, हे जुलैच्या हिशेबपत्रात जाहीर झालं. टेक्सासच्या कायद्याने यात काहीही बेकायदा नाही. प्रत्येक रिपब्लिकन सिनेटरने ते हिशेबपत्र वाचलं असणार, एवढं मी खात्रीने म्हणेन.

टेक्सासमध्ये बहुतेक मतदारसंघांत नोव्हेंबरची निवडणूक औपचारिक असते, खरी लढत मार्चच्या प्रायमरीत होते. तिथे मोजके कट्टर मतदार येतात आणि त्यांत पॅक्स्टन लोकप्रिय होते. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर सिनेटरांनी चिठ्ठ्या काढून मुदती वाटून घेतल्या होत्या. जवळपास निम्म्यांना २०२४ मध्येच पुन्हा उभं राहायचं होतं, बाकीच्यांना २०२६ मध्ये. शेवटी जे दोनच रिपब्लिकन 'दोषी' म्हणाले, रॉबर्ट निकोल्स आणि केली हँकॉक, ते दोघेही २०२६ च्या गटातले होते.

खटल्यात काय फसलं

प्रतिनिधीगृहाची बाजू ह्यूस्टनचे रस्टी हार्डिन आणि डिक डीगेरिन यांनी मांडली, बचावाचं नेतृत्व टोनी बझबी यांच्याकडे होतं. साक्षीदार भक्कम होते: पुराणमतवादी, चर्चला जाणारे, पॅक्स्टन यांनीच निवडलेले अधिकारी. आपल्याच साहेबाविरुद्ध ते बोलत होते. तरी दोन जागी बाजू घसरली.

पहिली, तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक असलेल्या रायन व्हॅसर यांची उलटतपासणी. एफबीआयकडे जाताना काय पुरावा घेऊन गेलात, या प्रश्नावर त्यांनी सांगितलं, की आम्ही पुरावा नेला नव्हता. अर्थ एवढाच, की कागदपत्रं नेली नव्हती. साक्षीदार म्हणून पाहिलेलं सांगायला गेलो होतो. फेरतपासणीत त्यांनी ते स्पष्टही केलं. पण तोवर ते वाक्य राज्यभर फिरलं होतं. साक्षीदाराची तयारी घेताना हा प्रश्न येणार हे दिसत होतं. 'आमच्याकडे काय माहिती होती' हे सरतपासणीतच तपशिलाने काढून घेतलं असतं तर त्या उत्तराची धार गेली असती.

दुसरी जागा स्वयंपाकघराची. पॅक्स्टन यांच्या माजी सहायकाने सांगितलं, की घराच्या दुरुस्तीत ओट्याच्या वीस हजार डॉलरच्या ग्रॅनाइटचा विषय निघाला आणि कंत्राटदार 'नेटला विचारतो' म्हणाला. ऐकायला जबरदस्त. मग बझबी यांनी त्या स्वयंपाकघराचे फोटो दाखवले. ओटा जुनाच होता, नवं ग्रॅनाइट बसलंच नव्हतं. सहायक जे ऐकलं तेच सांगत होता. पण लाचेच्या आरोपात वस्तूच हजर नसेल तर शंकेपलीकडे काय सिद्ध करणार?

त्या स्त्रीला साक्षीसाठी बोलावलं होतं. १३ सप्टेंबरला ती इमारतीत आली, पण दोन्ही बाजूंच्या संमतीने 'हजर, मात्र साक्षीसाठी उपलब्ध नाही' असं जाहीर झालं. त्याच दिवशी हार्डिन यांनी अचानक आपला पुरावा संपल्याचं सांगून टाकलं. पॅक्स्टन स्वतः साक्षीला आले नाहीत. त्यांना सक्ती करता येणार नाही, असा निर्णय पॅट्रिक यांनी सुरुवातीलाच दिला होता. आरोपी बोलत नाही, मध्यवर्ती साक्षीदार बोलत नाही, आणि कसोटी फौजदारी.

मतदान

१५ सप्टेंबरला समारोपाची भाषणं झाली, मग सिनेटर तासन्‌तास बंद दाराआड बसले. १६ ला प्रत्येक कलमावर नावानिशी मतं जाहीर झाली. प्रतिनिधीगृहाच्या पदरी सर्वांत जास्त पडलेली मतं १४, म्हणजे १२ डेमोक्रॅट आणि ते दोन रिपब्लिकन. काही कलमांवर डेमोक्रॅटांनीही 'दोषी नाही' म्हटलं. बाजूला ठेवलेली चार कलमं लगेच फेटाळली गेली आणि पॅक्स्टन यांना पद परत मिळालं.

१४ आणि २१ यांत सात मतांचं अंतर आहे. मग अँजेला पॅक्स्टन यांची खुर्ची मोजली नसती तरी काय फरक पडला असता? बेरजेत काहीच नाही. पण अशा मतदानात कोणी एकेकटा ठरवत नाही. रिपब्लिकन सिनेटर आधी मोजतो: माझ्यासोबत आणखी किती? आठ जमतायत असं दिसलं तर नववा धाडस करतो. पाच-सहाच दिसले तर त्यांतले चौघेही मागे फिरतात, कारण आरोपी सुटणारच असेल तर दोषी म्हटल्याचा फायदा शून्य आणि सूड नक्की. उंबरठा एका मताने वर नेला की ही मागे फिरण्याची घडी लवकर येते.

निकालानंतर पॅट्रिक यांनी आसनावरूनच प्रतिनिधीगृहावर तोफ डागली: घाई केली, शपथेवर साक्षी घेतल्या नाहीत, खर्चाचं लेखापरीक्षण व्हायला हवं, महाभियोगाची घटनात्मक तरतूद बदलायला हवी. शपथेचा मुद्दा रास्तच होता. पण खटला चालू असताना तटस्थ राहिलेल्या अध्यक्षाने निकालाच्या मिनिटाला हे भाषण तयार ठेवलेलं असावं, हे पाहून ३० लाखांचा प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प करणं अवघड झालं.

सूड आणि हिशेब

२०२४ च्या प्रायमरीत पॅक्स्टन यांनी विरोधात मत दिलेल्या प्रतिनिधींविरुद्ध जोरात प्रचार केला. खासगी शाळांच्या अनुदानावरून गव्हर्नर ॲबटही त्यांतल्या काहींना पाडायच्या मागे होते. दोन्ही लाटा एकत्र आल्या आणि डझनाहून जास्त रिपब्लिकन आमदार स्वपक्षाच्या प्रायमरीतच हरले. फेलन फेरलढतीत चारशेहून कमी मतांनी वाचले, पण डिसेंबरात त्यांनी स्पीकरपदाची शर्यत सोडली. मर यांनी निवडणूकच लढवली नाही. पॅक्स्टन यांचे फौजदारी अधिकार मर्यादित करणाऱ्या निकालात सहभागी असलेले सर्वोच्च फौजदारी न्यायालयाचे तीन न्यायाधीशही मार्चमध्ये पडले. तो निकाल २०२१ चा होता, महाभियोगाशी त्याचा संबंध नव्हता, पण यादी एकच झाली होती.

रोखे फसवणुकीचा खटला मार्च २०२४ मध्ये तडजोडीने मिटला: सुमारे २ लाख ७१ हजार डॉलर भरपाई आणि १०० तास समाजसेवा, गुन्हा कबूल न करता. केंद्रीय न्याय खात्याने नेट पॉल प्रकरणात पॅक्स्टन यांच्यावर खटला भरायचा नाही असं ठरवल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते अमेरिकी सिनेटसाठी तेव्हाचे सिनेटर जॉन कॉर्निन यांच्याविरुद्ध मैदानात उतरले. आणि कामावरून काढलेल्या त्या चार अधिकाऱ्यांच्या दाव्यात ट्रॅव्हिस काउंटीच्या न्यायाधीशांनी त्याच महिन्यात त्यांना ६६ लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. विधिमंडळाने २०२३ मध्ये नाकारलेल्या रकमेच्या नेमका दुप्पट, आणि देणं पुन्हा सरकारी कार्यालयावरच.